क्षयरोग नियंत्रण, सातपुड्यातील

क्षयरोग नियंत्रण, सातपुड्यातील : महाराष्ट्राच्या वायव्य टोकाला, नर्मदेच्या दक्षिणेस सातपुड्याच्या रांगांत वसलेल्या अक्राणी तालुक्यात व त्याच्या लगतच्या डोंगराळ भागात क्षयरोगाचे निदान, उपचार आणि प्रतिबंध यांची जी व्यवस्था गेल्या शतकभरात क्रमाक्रमाने पोहोचली, तिचा इतिहास. धडगाव हे अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. इ. स. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे विभाजन झाले तेव्हा हा भाग पश्चिम खानदेशात, म्हणजे पुढे धुळे या नावाने ओळखल्या गेलेल्या जिल्ह्यात आला. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार हा नवा जिल्हा वेगळा काढण्यात आल्यापासून तो नंदुरबार जिल्ह्यात मोडतो. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास होती व तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक होते. भिल्ल व पावरा या येथील प्रमुख जमाती असून घरोघरी पावरी, भिलोरी यांसारख्या बोली चालतात. क्षयरोग नियंत्रणाच्या दृष्टीने जिल्हाविभाजनाला विशेष महत्त्व आहे. कारण या योजनेचा सर्व व्यवहार जिल्हा हा घटक धरून चालतो आणि १९९८ पर्यंत धडगावच्या रुग्णाचे जिल्हा क्षयरोग केंद्र घाट उतरून शंभर किमी.हून अधिक अंतरावर धुळ्यास होते.

येथील गावे मैदानी प्रदेशातील गावांसारखी एकवट नसतात. एकेक गाव अनेक पाड्यांत विखुरलेले असते आणि पाड्यातील घरेही आपापल्या शेताजवळ, टेकडीच्या सोंडेवर, एकमेकांपासून दूर बांधलेली असतात. आजाऱ्याला झोळीत घालून सडकेपर्यंत आणणे ही कित्येक पाड्यांतील नेहमीची गोष्ट आहे. सरदार सरोवराच्या जलाशयामुळे नर्मदाकाठच्या काही वस्त्यांना होडीनेच जावे लागू लागले व त्यांच्यासाठी तरंगत्या दवाखान्यांची सोय करावी लागली. घरे विरळ असली, तर हवेतून पसरणारा रोग कमी असावा असा तर्क सहज सुचतो. तो बरोबर नाही. क्षयाचा संसर्ग मुख्यतः घराच्या आत, एकाच छपराखाली दीर्घ काळ एकत्र राहणाऱ्यांत होतो. चूल, गुरे, धान्य व माणसे यांना मिळून एकच बंदिस्त जागा, पावसाळ्यातील उपासमार आणि वर्षातील काही महिने परमुलखातील मजुरांच्या झोपड्यांत काढलेले दिवस, एवढ्या गोष्टी रोगाला पुरेशा होतात. शरीराचे कुपोषण हे तर क्षयाचे जुने सोबती होय.

प्रारंभीचा काळ : राजयक्ष्मा या नावाने हा रोग प्राचीन भारतीय वैद्यकास परिचित होता. त्याचे कारण मात्र जर्मन वैद्य रॉबर्ट कॉख (१८४३–१९१०) यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केले तेव्हाच निश्चितपणे कळले. कारण कळले म्हणून उपाय मिळाला, असे झाले नाही. अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांचा पुणे येथे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी या रोगाने अंत झाला. कॉख यांच्या शोधास तेव्हा पाच वर्षे होत आली होती व त्या स्वतः वैद्य होत्या. तरीही त्यांना देता येण्यासारखे खात्रीचे औषध जगात कोठेही नव्हते.

विश्रांती, मोकळी हवा व पौष्टिक अन्न हाच त्यानंतरची साठ वर्षे उपचार होता. त्यासाठी भारतातील पहिले आरोग्यधाम अजमीरजवळ तिलोनिया येथे १९०६ मध्ये निघाले. महाराष्ट्रात पाचगणी येथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये ‘बेल एअर’ आरोग्यधाम स्थापिले आणि मिरजेजवळ, पुढे वानलेसवाडी या नावाने ओळखल्या गेलेल्या ठिकाणी, १९२० मध्ये अमेरिकन मिशनचे आरोग्यधाम सुरू झाले. मुंबईत शिवडी येथे महापालिकेचे मोठे क्षयरुग्णालय उभे राहिले. ही सर्व ठिकाणे शहरांतील व त्यातही बव्हंशी सुस्थितीतील रुग्णांच्या उपयोगी पडत. सातपुड्यातील माणसाने महिनोन्‌महिने पाचगणीस जाऊन राहावे, ही कल्पनाच करता येण्यासारखी नव्हती. खानदेशाच्या या भागात ख्रिस्ती मिशनांनी काही वैद्यकीय काम केले. नवापूर तालुक्यातील चिंचपाडा येथील मिशन रुग्णालय विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकापासूनचे आहे. डोंगरात मात्र बडव्याचे मंत्र व झाडपाला यांवाचून दुसरा आधार नव्हता. बडव्याकडे जाण्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्या काळी सुशिक्षित जगाजवळही त्याहून फार परिणामकारक असे काही नव्हते, हे विसरून चालत नाही.

औषधांचा उदय : १९४३ मध्ये अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत ॲल्बर्ट शाट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसीन शोधून काढले आणि चित्र पालटू लागले. लवकरच पॅरा-ॲमिनो सॅलिसिलिक अम्ल व १९५२ मध्ये आयसोनियाझिड यांची भर पडली. एकच औषध दिल्यास जंतू त्यास दाद देईनासे होतात, म्हणून दोन किंवा तीन औषधे एकदम द्यावयाची, हे तत्त्व याच काळात रूढ झाले. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनाच्या पाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिनाचेही उत्पादन होऊ लागले.

औषध मिळाले तरी रुग्णाला रुग्णालयात ठेवावे लागते, अशीच समजूत होती. देशातील खाटा काही हजार व रुग्ण लक्षावधी, त्यामुळे ही समजूत खरी असती तर पुढचा इतिहास घडलाच नसता. तिचा निकाल मद्रास येथील केंद्रात १९५६ पासून केलेल्या चाचणीने लावला. वॉलेस फॉक्स व त्यांचे सहकारी यांनी १९३ रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात व काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच ठेवून वर्षभर सारखीच औषधे दिली. दोन्ही गटांतील गुण जवळजवळ सारखाच आला. इतकेच नव्हे, तर घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांत रोगाचे प्रमाण अधिक आढळले नाही. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांमुळे जगभरची आरोग्यधामे हळूहळू ओस पडली. धडगावसारख्या भागाच्या दृष्टीने हा निर्णय स्ट्रेप्टोमायसिनाच्या शोधाइतकाच मोलाचा मानावा लागेल, कारण त्यामुळे उपचार रुग्णाच्या घरापर्यंत नेणे निदान तत्त्वतः शक्य झाले.

बीसीजी लशीची मोहीम त्याआधीच सुरू झाली होती. मद्रासजवळ गिंडी येथे १९४८ मध्ये लस तयार करण्याची प्रयोगशाळा निघाली व १९५१ पासून देशव्यापी टोचणी हाती घेण्यात आली. या लशीने बालकांमधील मस्तिष्कावरणाचा क्षय व सर्व शरीरभर पसरणारा क्षय यांपासून संरक्षण मिळते. प्रौढांच्या फुप्फुसक्षयास ती आळा घालील ही अपेक्षा मात्र तमिळनाडूतील चिंगलपुट जिल्ह्यात १९६८ पासून झालेल्या मोठ्या चाचणीने फोल ठरविली.

जिल्हा क्षयरोग योजना : क्षय हा गिरण्यांच्या चाळींतला, शहरी रोग होय, असे बहुतेक तज्ञ धरून चालत. १९५५–५८ या काळात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केलेल्या पाहणीत खेड्यांतील प्रमाणही शहरांएवढेच आढळले. संसर्गजन्य रुग्ण दर हजारी सुमारे चार होते. १९५९ मध्ये बंगलोर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली व तिच्या अभ्यासांवरून १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आखण्यात आला. त्याची कल्पना साधी होती. जिल्ह्याच्या ठिकाणी एक केंद्र, त्यात लहान आकाराच्या क्ष-किरण चित्रांचे यंत्र व प्रशिक्षित कर्मचारी. खाली प्रत्येक दवाखान्यात व प्राथमिक आरोग्य केंद्रात खोकल्याच्या रुग्णाची थुंकी तपासावयाची किंवा काचपट्टी तयार करून पुढे पाठवावयाची. आणि निदान झाल्यावर आयसोनियाझिड व थायासिटाझोन ही स्वस्त औषधे वर्ष-दीड वर्ष द्यावयाची.

घरोघर जाऊन रुग्ण शोधण्याऐवजी दवाखान्यात आपण होऊन येणाऱ्यांतूनच ते शोधावेत, या धोरणामागे डी. बॅनर्जी व एस. अँडरसन यांचा १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेला कर्नाटकातील अभ्यास होता. खेड्यातील माणूस अज्ञानी, त्यास आपल्या रोगाची जाणीव नसते, ही समजूत त्यांनी खोडून काढली. क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक सरकारी दवाखान्यात जाऊन आलेले होते आणि तेथे त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठविण्यात आले होते. दोष रुग्णाच्या मनोवृत्तीत नसून दवाखान्याच्या कारभारात होता. पुढील काळातील पुष्कळ सरकारी लिखाणाने हा निष्कर्ष दृष्टिआड केला व आदिवासी भागांतील अपयशाचे खापर रुग्णांच्या माथ्यावर फोडले, हे नमूद करणे आवश्यक आहे.

सूक्ष्मदर्शकाने थुंकी तपासण्याची पद्धत कॉख यांच्या काळापासूनची. झील व नेल्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रंजनक्रियेत क्षयाचे जंतू तांबडे दिसतात व अम्लाने धुतले तरी त्यांचा रंग जात नाही. पद्धत स्वस्त असून जो रुग्ण इतरांना सर्वाधिक बाधा पोहोचवितो तो तीत नेमका सापडतो. परंतु थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय ते सहसा दिसत नाहीत. लहान मुले थुंकी बाहेर टाकीत नाहीत, ती गिळतात. आणि कुपोषित मुलांत ट्युबर्क्युलीन चाचणीही पुष्कळदा खोटा नकार देते. सातपुड्यात आढळणाऱ्या दात्रकोशिका पांडुरोगातही (सिकल सेल) अशक्तता व छातीचे विकार उद्‌भवतात, त्यामुळे निदान आणखी अवघड होते. शिवाय हे सर्व होण्यास तंत्रज्ञ जागेवर, सूक्ष्मदर्शक धड आणि रुग्ण निकालासाठी पुन्हा येण्यास समर्थ असावा लागतो. आठवड्याच्या बाजारासाठी डोंगर उतरून आलेल्या माणसास ‘उद्या सकाळची थुंकी घेऊन या’ असे सांगणे म्हणजे त्याला आणखी दोन दिवसांची पायपीट सांगणे होय.

१९९२ मध्ये या कार्यक्रमाचे परीक्षण झाले तेव्हा उपचार पुरे करणारे रुग्ण निम्म्याहूनही कमी आढळले. निदानात थुंकीपेक्षा क्ष-किरण चित्रावरच भर होता व औषधांचा पुरवठा अनियमित होता. खाजगी क्षेत्राची स्थिती त्याहून चमत्कारिक होती. मुकुंद उपळेकर यांनी मुंबईच्या झोपडपट्टीतील सुमारे शंभर खाजगी वैद्यांची पाहणी केली (१९९१). त्यांनी क्षयासाठी सुचविलेल्या औषधयोजना ऐंशी निरनिराळ्या प्रकारच्या होत्या. नंदुरबार, शहादा येथील बाजारपेठांतील दवाखाने हेच डोंगरातील रुग्णाचे पहिले आश्रयस्थान असल्याने मुंबईतील या पाहणीचा धडा येथेही लागू पडतो. पैसे आहेत तोवर औषध घ्यावयाचे, बरे वाटले की सोडावयाचे, हा क्रम जंतूंना औषधे पचविण्यास शिकविणारा असतो.

सुधारित कार्यक्रम : जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये क्षयरोग ही जागतिक आणीबाणी असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी भारतात सुधारित कार्यक्रमाचे प्रायोगिक काम सुरू झाले; मुंबई हे त्याच्या पहिल्या क्षेत्रांपैकी एक होते. १९९७ पासून त्याचा मोठ्या प्रमाणावर विस्तार झाला व मार्च २००६ पर्यंत सर्व देश त्याखाली आला. रिफँपिसीनयुक्त सहा महिन्यांची औषधे, प्रत्येक रुग्णाच्या नावाची स्वतंत्र पेटी आणि कोणाच्या तरी डोळ्यांदेखत गोळ्या गिळणे (‘डॉट्स’ पद्धती) ही त्याची वैशिष्ट्ये होती. डोंगराळ व आदिवासी भागांकरिता त्यात निराळे प्रमाण ठरविण्यात आले. एरवी एक लाख लोकसंख्येस एक सूक्ष्मदर्शक केंद्र, तर अशा भागांत पन्नास हजारांस एक. या हिशेबाने अक्राणी तालुक्याच्या वाट्यास दोनाऐवजी चार केंद्रे येतात. सुधारणा खरी असली, तरी अंतर लोकसंख्येने मोजता येत नाही. मैदानात पन्नास हजार लोक चार-पाच मोठ्या गावांत सामावतात. सातपुड्यात ते शेकडो पाड्यांवर पसरलेले असतात.

एका दृष्टीने ‘डॉट्स’ पद्धती येथील जीवनाशी विसंगतही होती. आठवड्यातून तीनदा गोळ्या घेण्यासाठी आरोग्यसेवकासमोर हजर होणे शेतावर राहणाऱ्या कुटुंबास परवडणारे नव्हते. २००५ नंतर गावोगाव नेमलेल्या ‘आशा’ कार्यकर्त्या त्याच पाड्यातील व तीच बोली बोलणाऱ्या असल्याने ही अडचण काहीशी दूर झाली. २०१७ मध्ये एक दिवसाआडची पद्धत सोडून रोजच्या एकत्रित गोळ्यांची पद्धत स्वीकारण्यात आली. कार्यक्रमाला २०२० पासून राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम असे नाव आहे.

नवी निदानसाधने : मुंबईतील हिंदुजा रुग्णालयाचे डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनी २०११ च्या अखेरीस, तपासलेल्या कोणत्याही औषधास दाद न देणाऱ्या क्षयाचे चार रुग्ण नोंदले, तेव्हा देशात खळबळ उडाली. २०१२ मध्ये शासनाने रक्तातील प्रतिपिंडांवर आधारित निरुपयोगी चाचण्यांवर बंदी घातली, प्रत्येक रुग्णाची नोंद सक्तीची केली व त्यासाठी ‘निक्षय’ ही संगणकीय नोंदव्यवस्था सुरू केली. जंतूंची वाढ करून औषधरोध तपासण्यास पूर्वी आठवडेच्या आठवडे लागत. थुंकीतील जंतूचे जनुकद्रव्य ओळखणाऱ्या नव्या यंत्राने (सीबीनॅट) निदान व रिफँपिसीनरोध हे दोन्ही सुमारे दोन तासांत कळू लागले. हे यंत्र अखंड वीज व थंड खोली मागते, म्हणून ते जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या गावीच शोभते. ही उणीव भरून काढणारे ‘ट्रूनॅट’ हे विद्युत्‌घटावर चालणारे लहान यंत्र गोव्यातील मोलबायो या कंपनीने बाजारात आणले व २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यास मान्यता दिली. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येईल असे हे साधन मराठी माणसाच्या शेजारी तयार झाले, ही समाधानाची बाब होय.

यंत्रापर्यंत कोण पोहोचतो, हा प्रश्न तरीही उरतोच. २०१९–२१ मधील राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरील दर लाख व्यक्तींमागे ३१६ जणांस जंतुसिद्ध फुप्फुसक्षय आढळला. लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांनी कोठेच उपचार शोधला नव्हता आणि क्ष-किरण चित्र काढले नसते, तर शेकडा ४२ हून अधिक रुग्ण निसटले असते. एकेकाळी अतिवापरामुळे बदनाम झालेली क्ष-किरण तपासणी यामुळे पुन्हा प्रतिष्ठित झाली. हातात धरून नेता येणारी यंत्रे ती पाड्यापर्यंत नेऊ शकतात. आदिवासींमधील क्षयाचे प्रमाण दर लाखी ७०३ असल्याचा अंदाज २०१५ मधील एका एकत्रित परीक्षणात मांडला गेला व डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ञसमितीने २०१८ च्या अहवालात तो उद्‌धृत केला. या सरासरीवर मध्य प्रदेशातील सहारिया जमातीच्या अतिशय उच्च प्रमाणाचा प्रभाव आहे; त्यामुळे तो आकडा भिल्ल व पावरा यांना जसाच्या तसा चिकटविणे शास्त्रीय होणार नाही.

स्थलांतर व पोषण : दिवाळीनंतर या भागातील कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी व शेतमजुरीसाठी गुजरातेत जातात. होळीला, भोंगऱ्याच्या बाजाराच्या सुमारास, पुष्कळजण परततात व काही पावसाळ्याच्या तोंडावर येतात. पावसाळ्याच्या अखेरीस सुरू केलेला सहा महिन्यांचा उपचार अशा रीतीने दोन राज्यांत विभागला जातो. पूर्वी सीमा ओलांडताच रुग्ण ‘उपचार सोडलेला’ म्हणून नोंदला जाई. प्रत्यक्षात त्याने उपचार सोडलेला नसे, उपचाराने त्याला सोडलेले असे. ‘निक्षय’मधील क्रमांकामुळे रुग्णाची नोंद दुसऱ्या राज्यातील केंद्राकडे वर्ग करता येते. फडावरील टोळीबरोबर हलणाऱ्या रुग्णासाठी मात्र निघतानाच पुढील महिन्यांच्या गोळ्या बांधून देणे अधिक उपयोगी ठरते.

एप्रिल २०१८ पासून रुग्णास पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये देण्यात येऊ लागले व नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम एक हजार करण्यात आली. ती बँकेच्या खात्यात जमा होते आणि अक्राणीत बँक हीच एक दिवसाची वाट असते. अन्नाचे महत्त्व पुराव्याने सिद्ध केले ते झारखंडमधील ‘रेशन्स’ चाचणीने. डॉ. अनुराग भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९–२२ या काळात रुग्णांच्या घरातील इतर माणसांनाही धान्य, डाळ व जीवनसत्त्वे पुरविली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या घरांत क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी कमी झाले. झारखंडमधील ती घरे व सातपुड्यातील घरे यांत अन्नाच्या बाबतीत फारसा फरक नाही.

रुग्णाच्या घरातील निरोगी माणसांना प्रतिबंधक औषध देण्याची योजना २०२१ पासून विस्तारण्यात आली. सुप्त संसर्ग ओळखण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या नव्या त्वचाचाचणीस २०२२ मध्ये परवानगी मिळाली. जुन्या ट्युबर्क्युलीन चाचणीप्रमाणे बीसीजी टोचलेल्या माणसात ती फसवा होकार देत नाही. तिचा निकाल पाहण्यासाठी त्या व्यक्तीस दोन-तीन दिवसांनी पुन्हा भेटावे लागते, ही अडचण मात्र जुनीच आहे. देशातील क्षयाचे अंदाजित प्रमाण २०१५ मध्ये दर लाखी २३७ होते, ते २०२३ मध्ये १९५ वर आले. २०२५ अखेर क्षयाचे निर्मूलन करण्याचे २०१८ मध्ये जाहीर केलेले उद्दिष्ट त्यामुळे साध्य झाले नाही. धडगाव परिसरात ते ज्या कामावर अवलंबून आहे, ते बव्हंशी थुंकीची डबी पाड्यावरून केंद्रापर्यंत व निकाल केंद्रापासून पाड्यापर्यंत वेळेवर नेण्याचे आहे.